चलच्चित्र उतरवून घेताना

अफझलगंजातील आमच्या घरी अब्बांचे एक चित्रण आहे. १९०८ च्या मुसी नदीच्या पुराची, त्यांनी आपल्या वडिलांकडून ऐकलेली हकीकत ते सांगत आहेत. आणि ऐन वाक्यात चित्र थांबते. अब्बा आज हयात नाहीत. पुढचा भाग आमच्याच हातून गेला.

त्याचे कारण असे. सोनी व पॅनासोनिक यांनी २००६ मध्ये 'एव्हीसीएचडी' पद्धत आणली. आमचा कॅमेरा त्याच पद्धतीचा. त्याच्या कार्डावर एका फाइलीस ४ जीबीची मर्यादा. सेकंदाला २४ मेगाबिट या वेगाने ती सुमारे २४ मिनिटांत भरते. मग कॅमेरा मुकाट्याने दुसरी फाइल उघडतो. आम्ही पहिलीच संगणकावर उतरवली आणि कार्ड पुसले! (वर्गात 'उत्तर तपासून पाहा' म्हणणारे आम्हीच.)

तेव्हा एकेक फाइल वेचू नये. सबंध फोल्डर जसेच्या तसे उतरवावे व 'व्हीएलसी'त शेवटपर्यंत लावून पाहावे. टीव्ही 'एमटीएस' फाइल ओळखत नसेल, तर 'एमपी४' प्रत करावी. पुष्कळदा नुसते वेष्टन बदलून भागते, चित्राचा कस जात नाही. व्हॉट्सॲपवर मात्र चित्र दाबले जाऊन चेहरे पुसट होतात. आप्तांना पेनड्राइव्हच द्यावा. मूळ फोल्डर दोन ठिकाणी ठेवावे, आणि कार्ड त्यानंतर पुसावे.