बालपोषण : डब्यापासून वाटीपर्यंत

यंदाच्या स्मरणिकेसाठी बालपोषणाच्या कार्यक्रमांविषयी लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली, तेव्हा यशाच्या गोष्टीने आरंभ करण्याचा मोह झाला. परंतु या क्षेत्रात मी जे काही शिकलो, ते एका अपयशातून. म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो.

१९९८ सालची गोष्ट. एम.डी. होऊन शहापुरात दवाखाना सुरू केल्यास जेमतेम दोन वर्षे झाली होती. एका सेवाभावी संस्थेने यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत कुपोषित बालकांसाठी शिबिर आयोजित केले आणि त्याचे नेतृत्व माझ्याकडे आले. आम्ही वजने घेतली, मातांना व्याख्यान दिले आणि प्रथिनयुक्त पावडरीचे डबे वाटले. दीड वर्षाची एक मुलगी होती. वजन साडेसहा किलो. महिन्याने पुन्हा वजन घेतले, ते जसेच्या तसे. मी तिच्या आईला चार लोकांत बोल लावला. ती शांतपणे म्हणाली, ‘‘डॉक्टर, घरात तीन पोरं. एकाला देऊन दोघांच्या तोंडाकडं कसं बघू ओ?’’ तो डबा पातळ करून तिघांत वाटला गेला होता. पुढल्या महिन्यात ती मुलगी न्यूमोनियाने दगावली. दाखल्यावर मी मृत्यूचे कारण ‘न्यूमोनिया’ असे लिहिले. त्यात खोटे काही नव्हते. परंतु ते पूर्ण सत्यही नव्हते. पाच वर्षांखालील बालमृत्यूंपैकी सुमारे ४५ टक्के मृत्यूंमागे कुपोषणाचा हात असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती मुलगी त्यांपैकीच एक होती.

या घटनेने मला तीन प्रश्न विचारावयास शिकविले : काय खाऊ घालायचे, कोणी खाऊ घालायचे आणि केव्हा?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला पूर्वीच ठाऊक असावयास हवे होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला होता. तो १९७३ साली प्रसिद्ध झाला. कुपोषित बालकांना त्यांनी गव्हाचे पीठ, साखर व खाद्यतेल यांचा पूरक आहार चौदा महिने दिला. त्यातून दररोज ३१० उष्मांक मिळत, प्रथिने मात्र केवळ ३ ग्रॅम. तरीही मुलांची उंची व वजन यांत स्पष्ट वाढ झाली. म्हणजे आपल्या गरीब घरातील बालकाच्या ताटात मुख्य उणीव एकंदर अन्नाची, उष्मांकांची होती. अन्नच अपुरे असेल, तर शरीर प्रथिनांचाही सरपणासारखा उपयोग करते. डब्यावरील चित्र पाहून आपण ज्याला ‘ताकद’ म्हणतो, ती खरे तर भाकरी, डाळ, शेंगदाण्याचे कूट, गूळ व चमचाभर तेल किंवा तूप यांत आहे. प्रथिने व सूक्ष्मपोषक घटक अर्थातच हवेत. त्यासाठी अंडे, दूध, हिरव्या पालेभाज्या आहेतच. पण आधी पोट भरले पाहिजे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले ते जामखेडच्या कार्याच्या अभ्यासातून. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे हे दांपत्य १९७० साली अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील त्या अवर्षणग्रस्त भागात गेले. लोकांची पहिली मागणी औषधांची नव्हती. अन्न आणि पाणी यांची होती. त्यांनी ती ऐकली. गावकऱ्यांच्या सहभागाने मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे सुरू झाली. पुढे गावातल्याच स्त्रिया, ज्यांपैकी अनेक निरक्षर होत्या, आरोग्यसेविका म्हणून तयार झाल्या. १९७१ साली त्या प्रकल्पक्षेत्रात अर्भकमृत्यूचे प्रमाण हजारी १७६ होते; १९७६ मध्ये ते ५२ वर आले. बालकांतील कुपोषण मात्र त्याच पाच वर्षांत ४० टक्क्यांवरून ३० टक्क्यांपर्यंतच उतरले. ५ टक्क्यांवर येण्यास १९८६ साल उजाडावे लागले. हे आकडे मी आमच्या प्रत्येक नव्या कार्यकर्त्याला सांगतो. लस व जलसंजीवनी मृत्यू लवकर थोपवितात. कुपोषण हटण्यास पंधरा वर्षे लागतात. ते शिबिराचे काम नव्हे.

तिसरा प्रश्न ‘केव्हा’ हा. याचे उत्तर शोधण्यात आपल्या बेळगावचाही वाटा आहे. येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय भारत, पाकिस्तान, ग्वाटेमाला व कांगो या चार देशांतील एका मातृपोषण अभ्यासात सहभागी होते. गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने, किंवा पहिल्या तिमाहीच्या अखेरीस, पूरक आहार सुरू केलेल्या स्त्रियांच्या बाळांची गर्भातील वाढ, तो न घेतलेल्या स्त्रियांच्या बाळांपेक्षा चांगली झाल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. याचा अर्थ असा की, अंगणवाडीत वजनकाट्यावर बसणारे मूल बरेचसे आधीच घडून आलेले असते. कर्नाटकात २०१७ साली ‘मातृपूर्ण’ योजनेतून गर्भवती व स्तनदा मातांना अंगणवाडीत गरम जेवण देण्यास सुरुवात झाली, त्यामागील विचार हाच आहे.

आता आपल्या भागाकडे वळू. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील खुरटलेल्या बालकांचे प्रमाण कर्नाटकात ३५.४ टक्के, तर महाराष्ट्रात ३५.२ टक्के आढळले. सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे दर तीन बालकांत एकाहून अधिक बालक वयाच्या मानाने बुटके! ज्या रेषेवरून आपण इतकी वर्षे भांडलो, ती रेषा या मुलांच्या उंचीत कोठे दिसत नाही.

गेली अनेक वर्षे मी एका न्यासाच्या पोषण कार्यक्रमाचे काम बेळगावपासून निपाणीपर्यंत पाहतो. या पट्ट्यात अन्नाइतकीच टंचाई आहे ती आईच्या वेळेची. निपाणीकडे विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजारावर ठरते. मुलाला भरविण्यात अर्धा तास गेला की तेवढ्या विड्या कमी होतात. म्हणून रडणाऱ्या मुलाच्या हाती चहात बुडविलेले बिस्किट येते. शहापूर-वडगावच्या मागवाल्या घरांतही निराळे चित्र नाही. अशा मातेस ‘दिवसातून पाच वेळा भरवा’ असा उपदेश करणे सोपे आहे. पण तो पाळावयास लागणारा वेळ तिला कोण देणार?

म्हणून आम्ही व्याख्याने थांबविली. गल्लीतील एखादी विश्वासू आजी किंवा मावशी निवडतो. सकाळी अकरा व दुपारी चार वाजता ती आठ-दहा मुलांना एकत्र बसवून, हात धुऊन, भरविते. डाळ-तांदूळ घरोघरचे, शेंगदाणा-गूळ व अंडी न्यासाची. एकाच गल्लीत मराठी, कन्नड व उर्दू बोलणारी घरे असतात. तेव्हा ग्रॅम व उष्मांकांची भाषा सोडून आम्ही वाटीची भाषा धरली. सहा महिने पूर्ण होताच दोन-तीन चमचे घट्टसर वरणभात. नवव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी, दिवसातून तीन-चारदा, मध्ये एकदा-दोनदा खाऊ, आणि स्तनपान दोन वर्षांपर्यंत चालूच. घास चमच्यावरून ओघळू नये, इतका घट्ट असावा. पातळ पेजेने पोट फुगते, मूल वाढत नाही. वस्तीतील थोरल्या भावंडांनाही आम्ही त्याच पंक्तीत बसवितो. त्या आईने १९९८ मध्ये विचारलेल्या प्रश्नाचे एवढेच उत्तर मला देता आले.

सर्वच यशस्वी झाले असे नाही. ऊसतोडीच्या हंगामात मुले आईबापांसोबत निघून जातात आणि परततात ती हडकुळी होऊन. त्यावर आमच्यापाशी अद्याप पुरेसा उपाय नाही.

डॉक्टर मित्रहो, आपणांस तीन विनंत्या आहेत. प्रत्येक दवाखान्यात दंडघेर मोजण्याची पट्टी ठेवा. सहा महिने ते पाच वर्षे वयोगटात साडेअकरा सेंटिमीटरहून कमी घेर, किंवा दोन्ही पायांवर सूज, हे तीव्र कुपोषण होय. असे मूल खात नसेल, मलूल असेल वा तापलेले असेल, तर त्याच दिवशी पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवा. दुसरे, औषधाच्या चिठ्ठीवर ताकदीची पावडर लिहिण्यापूर्वी तिच्या किमतीत किती अंडी येतात, हे मनाशी मोजा. तिसरे, महिन्यातून एक तास जवळच्या अंगणवाडीत जाऊन बसा. सेविकेस शिकविण्यासाठी नव्हे, तिचे ऐकण्यासाठी.

आणि समाजबांधवहो, आपल्या गल्लीत अशी एखादी आजी असेल, तर आम्हांस अवश्य कळवा. पट्टी आम्ही देऊ, वाटीही आम्ही देऊ. भरविणारा हात मात्र आपल्याच गल्लीतून यावयास हवा.