मामांचा मास्क आणि दहा सेंटिमीटर पाणी



गिरगावातल्या खोताच्या वाडीत माझे मामा राहतात. वाडी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. लाकडी जिने, पुढे ओटा, कौलारू छपरे, आणि दोन घरांमधली गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घरात फोडणी पडली की आपल्याला ठसका लागावा. अशा ठिकाणी कोणाचे घोरणे खाजगी राहत नाही. मामांचे घोरणे हा तर वाडीचा सार्वजनिक विषय होता. समोरची ईस्ट इंडियन आंटी सकाळी हसत विचारायची, "काल रात्री तुमचा इंजिन मधेच बंद पडला का?"

आंटी थट्टा करत होती, पण तिने नेमक्या गोष्टीवर बोट ठेवले होते. मामांचे घोरणे मधेच थांबे. वीस-पंचवीस सेकंद सारे शांत, आणि मग एकदम मोठा हुंकार देऊन ते पुन्हा सुरू होई. ती शांतता आली की घरातली माणसे सुटकेचा निःश्वास टाकीत. खरी काळजी करण्याची वेळ तीच होती, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. त्या वीस सेकंदांत मामांचा श्वासच बंद असे.

पुढे एके दिवशी ठाकूरद्वारच्या सिग्नलला स्कूटरवर बसल्याबसल्या त्यांचा डोळा लागला. मागच्या टॅक्सीवाल्याने भोंगा वाजवला म्हणून बरे. मग मात्र मामी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. बोटाला आणि छातीला उपकरणे लावून रात्रभर नोंद केली, तेव्हा तासाला तीसहून अधिक वेळा श्वास अडतो असे दिसले. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त श्वास थांबला तर तो एक 'ॲप्निया' धरतात, आणि तासाला तीसच्या वरचा आकडा हा तीव्र प्रकार मानतात. हा रोग दुर्मीळ आहे असे मात्र समजू नका. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबईतल्या ३५ ते ६५ वर्षे वयाच्या पुरुषांची पाहणी करून २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत सुमारे साडेसात टक्के पुरुषांना दिवसा पेंग येण्याच्या तक्रारीसह हा विकार आढळला.

श्वास अडतो कसा? आपल्या श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो. पण त्याच्या वर, जिभेच्या मागे, घशाचा जो भाग आहे त्याला असा कडक आधार नाही. तो स्नायूंनीच उघडा धरलेला असतो. झोपेत स्नायू सैल पडतात. श्वास आत ओढताना आतला दाब थोडा कमी होतो, आणि मऊ भिंती एकमेकींना चिकटतात. दाट फालुदा कागदी नळीने जोरात ओढला की भिजलेली नळी चपटी होते ना? तोच प्रकार. तुम्ही जितक्या जोराने ओढाल तितकी ती अधिक चपटी होते.

यावर उपाय काय? नळीच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त ठेवायचा. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी हे करून दाखवले. त्यांचा निबंध १९८१ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. सुरुवातीच्या त्या यंत्रांत हवा ढकलण्यासाठी व्हॅक्यूम क्लीनरसारखी मोटर होती, आणि मास्क तर रोज रात्री नाकावर चिकटवावा लागे. आज यंत्र डब्याएवढे झाले आहे आणि आवाजही फारसा करीत नाही. त्याला 'सीपॅप' म्हणतात. यंत्राचा प्रश्न बहुतेक सुटला. मास्कचा प्रश्न मात्र अजून ज्याच्या त्याच्या चेहऱ्यापाशी नव्याने सोडवावा लागतो.

मामांकडेही तेच झाले. यंत्र आले, आणि तिसऱ्या आठवड्यात ते कपाटात गेले. नाकाच्या दांड्यावर लाल वळ, सकाळी डोळे कोरडे आणि चुरचुरणारे, रात्रभर हनुवटीखालून फुस्स असा आवाज. मामा म्हणाले, "मी मेलो तरी चालेल, पण हे मुसके नको." मामी रडकुंडीला आल्या. मामांची नात नववीत आहे. तिने मला फोन केला, "काका, तुम्ही फिजिक्स शिकवता ना? मग या."

प्रथम दाब म्हणजे किती ते पाहू. मामांना डॉक्टरांनी १० सेंटिमीटर पाण्याइतका दाब ठरवून दिला होता. (हा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा, त्याला आपण हात लावायचा नाही.) उंच पेल्यात पाणी घ्या. सरबताच्या नळीवर टोकापासून १० सें.मी. अंतरावर शाईची खूण करा, नळी खुणेपर्यंत उभी बुडवा आणि हळूहळू फुंका. खालून बुडबुडा सुटतो त्या क्षणी तुमच्या तोंडातला दाब जवळजवळ १० सें.मी. पाण्याइतका असतो. गाल किंचित फुगले एवढेच! आपल्या भोवतीच्या हवेचा दाब सुमारे १०३३ सें.मी. पाण्याइतका आहे, म्हणजे यंत्र फक्त एक टक्का भर घालते.

येथे एक हुशार विद्यार्थी विचारील, की मलबार हिल सुमारे ५० मीटर उंच आहे. तिथून चौपाटीवर उतरलो तरी हवेचा दाब सुमारे ६ सें.मी. पाण्याइतका वाढतो. मग टेकडी उतरूनच घोरणे का बरे होत नाही? कारण चौपाटीवर दाब घशाच्या आतही वाढतो आणि मानेच्या बाहेरही तेवढाच वाढतो. घसा उघडा ठेवतो तो दोहोंमधला फरक. तो फरक टिकवायचा तर हवा मास्कच्या कडेने निसटता कामा नये. म्हणून सगळी मदार मास्कवर.

मास्क मुख्यतः तीन तऱ्हेचे असतात. पहिला नाक आणि तोंड दोन्ही झाकतो, दुसरा फक्त नाक झाकतो, आणि तिसरा नाकपुड्यांच्या तोंडाशी दोन मऊ बोंडे टेकवून बसतो. यांतला फरक समजायला गुणाकार पुरे. १ सें.मी. पाण्याचा दाब म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १ ग्रॅम भार. आपला दाब १०. मोठ्या मास्कचे क्षेत्रफळ ६० चौ.सें.मी. धरले, तर हवा तो ६०० ग्रॅम भाराने चेहऱ्यापासून दूर ढकलते. नाकाचा मास्क २५ चौ.सें.मी. धरा, २५० ग्रॅम. बोंडांचा ४ धरा, अवघे ४० ग्रॅम! जेवढे ढकलले जाते तेवढे तरी पट्ट्यांनी ओढून धरलेच पाहिजे. शिवाय पट्टे तिरके असतात, त्यामुळे त्यांतला ताण याहून अधिक लागतो. तेव्हा जमत असेल तर लहान मास्क बरा, हे उघड आहे. पण नाकाच्या मास्कला एक अट असते, तोंड मिटलेले राहिले पाहिजे. तोंड उघडले की नाकातून गेलेली हवा घशातून वळून तोंडावाटे बाहेर पडते आणि फरक नाहीसा होतो. नाक सदा चोंदलेले असेल तरीही तो उपयोगाचा नाही. मामा तोंड उघडे टाकून झोपतात, म्हणून त्यांना पहिला मास्क. ही निवड बरोबर होती.

चूक पुढे झाली. दुकानात मामांना खुर्चीवर बसवून मास्क चढवला, यंत्र सुरू केले, आणि गळती नाही असे पाहून घरी पाठवले. आता पुष्कळ यंत्रांत अशी सोय असते की झोप लागेपर्यंत दाब कमी ठेवायचा, ४ सें.मी. वगैरे, आणि मग हळूहळू वाढवायचा. तपासणी त्या चारावर झाली! तेव्हा मास्कवरचा जोर २४० ग्रॅम होता. मध्यरात्री तो ६०० झाला आणि मास्क उचलला गेला. मामांनी झोपेत पट्टे आवळले, दुसऱ्या रात्री आणखी आवळले.

आवळल्याने गळती थांबेल असे आपल्याला वाटते; येथे नेमके उलट घडते. मास्कच्या कडेला सिलिकोनची दुहेरी गादी असते. तिचा त्वचेकडचा पापुद्रा अगदी पातळ असतो, आणि आतली हवाच त्याला त्वचेवर दाबून बसवते. आतून बसणाऱ्या झाकणाचा कुकर आठवा. वाफेचा दाब वाढला की झाकण आणखी घट्ट बसते, तसेच हे. पट्टे फार आवळले तर पापुद्रा चुरगळतो, त्याला सुरकुत्या पडतात आणि प्रत्येक सुरकुती म्हणजे हवेला एक बोगदा. शिवाय सगळा जोर नाकाच्या हाडावर, अरुंद जागी येतो. जोर तोच आणि क्षेत्रफळ कमी, म्हणजे दाब जास्त. मामांचे वळ त्यातून आले.

डोळ्यांचे काय? १० सें.मी. पाण्याच्या दाबाखालून मोकळी सुटणारी हवा, घर्षण सोडून दिले, तर सेकंदाला सुमारे ४० मीटर वेग घेते. तासाला हे जवळजवळ १४५ किलोमीटर होतात. फटीतल्या घर्षणामुळे प्रत्यक्ष वेग कमी असेल, तरी असा झोत रात्रभर पापण्यांवर आला तर डोळे चुरचुरतील नाही तर काय होईल?

रविवारी दुपारी आम्ही मामांना त्यांच्या रोजच्या खाटेवर, रोजच्या उशीवर आडवे केले. उठून बसलेल्या माणसाचा चेहरा आणि आडव्या माणसाचा चेहरा एक नसतो. गाल कानांकडे ओघळतात. यंत्र थेट १० वर ठेवले. पट्टे सगळे सैल केले, मास्क किंचित पुढे ओढून गादीत हवा भरू दिली आणि मग हलकेच टेकवला. दोन्ही बाजूंचे पट्टे एकाच वेळी, थोडे थोडे ओढले, पट्ट्याखाली बोट सहज सरकेल इतकेच. नातीने पतंगाच्या कागदाची बारीक पट्टी कडेकडेने फिरवली. (उदबत्तीच्या धुराने छान दिसले असते, पण तो धूर श्वासात जाईल आणि निखारा प्लॅस्टिकजवळ नको.) नाकाशी पट्टी स्थिर. गालांशी स्थिर. हनुवटीपाशी मात्र ती फडफडू लागली, आणि काही केल्या थांबेना. कूस बदलल्यावर तर उशीने मास्कच बाजूला ढकलला.

मी थोडा गोंधळलो, हे कबूल करतो. तेवढ्यात नात ओरडली, "काका, आजोबांची कवळी वाटीत आहे!"

तिने बरोबर हेरले. दुकानात मामा कवळी घालून गेले होते. झोपताना ते ती काढतात. दात नसले की जबडा वर सरकतो, नाकापासून हनुवटीपर्यंतचा चेहरा आखूड होतो आणि गाल आत जातात. आम्ही नाकाच्या दांड्यापासून खालच्या ओठाखालच्या खळगीपर्यंतचे अंतर पट्टीने दोनदा मोजले. एक सेंटिमीटरहून अधिक फरक! मोठ्या मापाचा मास्क हनुवटीच्या खाली लोंबत होता. मधले माप बदलून आणले; क्षेत्रफळही घटले, त्यामुळे पट्ट्यांचे कामही हलके झाले. म्हणून मास्क मोजायचा तर ज्या अवस्थेत झोपायचे त्या अवस्थेत मोजावा. दाढी ठेवायची असेल तर दाढीसह, कवळी काढायची असेल तर काढून. चेहऱ्याला तेल लावण्याची सवयही नडते. मामा रात्री कपाळावर खोबरेल चोळत, आणि तेलावर गादी घसरते. गादी रोज सौम्य साबणाने धुवावी, चेहराही.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट सापडली आणि ती पाहून माझ्या पोटात गोळा आला. मास्कच्या पुढच्या बाजूला बारीक छिद्रे असतात. त्यांतला वारा अंगावर येतो म्हणून मामींनी त्यांवर चिकटपट्टी लावली होती! ती गळती नव्हे. ती मुद्दाम ठेवलेली वाट आहे. आपण सोडलेली कार्बन डायऑक्साइडयुक्त हवा तिथूनच बाहेर जाते. शांत झोपेत माणूस मिनिटाला सहा-सात लिटर हवा आत-बाहेर करतो, १० सें.मी. दाबाला त्या छिद्रांतून मिनिटाला साधारण ३० लिटर हवा वाहते, म्हणून मास्क सतत धुतला जातो. छिद्रे बुजवली तर माणूस आपलीच उच्छ्वासाची हवा पुन्हा ओढू लागतो. पट्टी मी तिथेच काढली आणि मास्कचे तोंड थोडे फिरवून झोत दुसरीकडे वळवला. "वीज गेली तर?" मामींनी विचारले. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कमध्ये एक झडप असते. दाब गेला की ती पडते आणि खोलीतली हवा आत येते.

मास्क बदलायला गेलो तेव्हा दुकानदाराने चुंबकाच्या चापांचा मास्क दाखवला. चटकन लागतो, चटकन निघतो. पण मामींना पेसमेकर आहे आणि त्या शेजारीच झोपतात. असे चुंबक पेसमेकरपासून किमान १५ सें.मी. दूर ठेवावे लागतात, झोपेत ते कोण मोजणार? आम्ही साधे चाप घेतले.

आता पावसाळ्यात एक नवीन तक्रार आली आहे. नळीत पाणी साठून गुडगुड होते. यंत्र हवा गरम व ओलसर करते, आणि एसीने गार झालेल्या खोलीत नळी थंड पडली की ती वाफ आतल्या भिंतीवर निवते. यंत्र उशाच्या टेबलावरून उतरवून खाली स्टुलावर ठेवायला सांगितले आहे, म्हणजे पाणी मामांच्या नाकाकडे न येता मागे यंत्राकडे ओघळेल. नळीला कापडी खोळ शिवण्याचे काम नातीने घेतले आहे.

पहिल्या शांत रात्रीनंतर आंटी सकाळी सातलाच दारात आली. आवाज ऐकू आला नाही म्हणून ती घाबरली होती. मामा तेव्हा ओट्यावर पेपर वाचत होते.

तुमच्यासाठी एक गणित. छिद्रांतून वाहणारी हवा दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. १० सें.मी. दाबाला ती मिनिटाला ३० लिटर असेल, तर सुरुवातीच्या ४ सें.मी. दाबाला किती असेल? आणि मिनिटाला ७ लिटर श्वास घेणाऱ्या माणसाला ती पुरेल का?