स्पॉकचा मेंदू आणि रसिकांचा वाद

पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते. मुरबाड-शहापूरच्या पट्ट्यातील वाचकाला तिची ओळख करून देण्याची गरज नाही. म्हसोबाचे दर्शन, बैलांचा बाजार आणि रात्री तमाशा, असा तिचा क्रम. वग रंगला नाही तर दुसऱ्या दिवशी बाजारात त्यावर जी चर्चा चालते, ती साहित्याच्या विद्यार्थ्याने कान देऊन ऐकावी अशी असते. नवखा प्रेक्षक ‘काही मजा आली नाही’ एवढेच म्हणून मोकळा होतो. मुरलेला रसिक तेवढ्यावर थांबत नाही. राजा कोठे ढिला पडला, सोंगाड्याने कोठे वेळ मारून नेली, गेल्या साली याच फडाने असाच प्रसंग कसा उभा केला होता, हे तो बारकाव्यानिशी सांगतो. तो चिडलेला असतो, पण पुढच्या साली पहिल्या रांगेत बसायला तोच येणार असतो. लोभ नसेल तेथे एवढा संताप कोण करील?

दूरचित्रवाणीवरील विज्ञानमालिकांना असाच एक रसिकवर्ग लाभला आहे. आवडत्या मालिकेतील एखादी कथा फसली म्हणजे हा वर्ग वर्षानुवर्षे तिच्यावर वाद घालतो. प्रस्तुत लेखात अशाच एका कथेच्या निमित्ताने विचार करावयाचा आहे. कथा फसली असे म्हणताना आपण तिला नेमके कोणते माप लावतो? आणि ते माप योग्य आहे काय?

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी या वाहिनीवर सुरू झाली. तिचा जनक जीन रॉडनबेरी. आपल्याकडे दूरदर्शनने ती १९८० च्या दशकात दाखविली, त्यामुळे कर्णधार कर्क, डॉक्टर मॅकॉय आणि टोकदार कानांचा मिस्टर स्पॉक ही मंडळी आपल्या आधीच्या पिढीला परिचयाची आहेत. एन्टरप्राइज नावाच्या यानातून ही मंडळी अनोळखी ग्रहांवर जातात, आणि तेथे जे दिसते त्यात बहुधा माणसाचाच एखादा प्रश्न वेश पालटून उभा असतो. मालिकेने प्रेक्षकांना दिलेला शब्द हा होता. रबरी मुखवटे आणि पुठ्ठ्याचे खडक प्रेक्षकांनी या शब्दाच्या भरवशावर चालवून घेतले.

दोन वर्षांतच ही मालिका बंद होण्याच्या बेतात आली. तेव्हा १९६७-६८ च्या हिवाळ्यात बियो आणि जॉन ट्रिम्बल या दांपत्याने चाहत्यांची पत्रमोहीम उभारली. लाखाहून अधिक पत्रे वाहिनीकडे गेली. कॅलिफोर्नियातील तंत्रविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी तर मशाली घेऊन एनबीसीच्या कचेरीवर मोर्चा नेला. अखेर १ मार्च १९६८ रोजी वाहिनीने पडद्यावरूनच जाहीर केले, की मालिका पुढे चालू राहील, आता पत्रे पुरे. चाहत्यांनी मालिका वाचविली. पुढच्या वादाचे मर्म समजून घ्यायचे तर ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

कारण ज्या तिसऱ्या वर्षासाठी एवढा आटापिटा केला, त्याचा पहिलाच भाग २० सप्टेंबर १९६८ रोजी लागला तो ‘स्पॉक्स ब्रेन’, म्हणजे ‘स्पॉकचा मेंदू’. कथानक थोडक्यात असे. एक अनोळखी तरुणी यानावर अवतरते, सर्वांना बेशुद्ध करते आणि स्पॉकच्या डोक्यातील मेंदू काढून घेऊन जाते. मॅकॉय सांगतो, की मेंदूवाचून हे शरीर फार तर चोवीस तास तग धरील. मग कर्क आणि त्याचे साथीदार शोध घेत सिग्मा ड्रेकोनिस नावाच्या ताऱ्याच्या सहाव्या ग्रहावर पोहोचतात. स्पॉकचे मेंदूहीन शरीर ते बरोबर नेतात, आणि ते चालते एका यंत्राच्या कळा दाबून! ग्रहाच्या बर्फाळ पृष्ठभागावर रानटी अवस्थेतील पुरुष राहतात आणि जमिनीखालच्या सुसज्ज नगरात बायका राहतात. या बायकांना स्वतःला काहीच येत नाही. नगरातील हवा, ऊब, पाणी, सारे काही एक ‘नियंत्रक’ चालवितो, आणि त्या नियंत्रकाच्या जागी आता स्पॉकचा मेंदू बसविलेला आहे. एक ज्ञानयंत्र डोक्यावर ठेवले की काही तासांपुरते पूर्वजांचे ज्ञान मिळते. ते घेऊन मॅकॉय मेंदू परत जोडावयास बसतो. निम्म्यात त्याचे ज्ञान ओसरते, तेव्हा स्पॉकला वाचा जोडून दिली जाते आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावरील रुग्णच शल्यवैद्याला पुढचे धडे देतो.

ही कथा पाहून चाहत्यांनी कपाळावर हात मारला. पुढे ‘सर्वांत वाईट भाग कोणता’ असा विषय निघाला, की पहिले नाव हिचेच, असा जणू रिवाज पडला. स्पॉकचे काम करणारे लेनर्ड निमॉय यांनीही हा भाग करताना आपल्याला ओशाळवाणे वाटत होते, असे आत्मकथनात नमूद केले आहे.

परंतु वाद असा एकतर्फी असता तर त्यात अभ्यासण्यासारखे काही उरले नसते. या कथेची बाजू घेणारेही आहेत. त्यातील काही म्हणतात, ही विनोदी कथा समजून पाहावी, घटकाभर करमणूक होते. याच मालिकेतील काही भाग नुसते कंटाळवाणे आहेत, हा निदान कंटाळवाणा नाही, आणि नुसत्या कंटाळवाण्या कथा विसरल्या जातात. काहींचे म्हणणे याहून गंभीर आहे. मेंदू काढून दुसरीकडे बसविणे ही कल्पना आज हास्यास्पद वाटते, पण १९६८ साली तशी वाटण्याचे कारण नव्हते. ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाऊनला डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसविले होते. आपल्या मुंबईतही फेब्रुवारी १९६८ मध्ये केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयारोपण करून पाहिले. रुग्ण काही तासच जगला, पण प्रयत्न जगातील अगदी पहिल्या काहींपैकी होता. हृदय बदलता येते, मग मेंदूच का नाही, हा प्रश्न त्या वर्षी सामान्य माणसाच्याही मनात येऊन गेला असेल. तेव्हा शास्त्रीय अशक्यतेवरून ही कथा मोडीत काढणे बरोबर नाही, असे हा पक्ष सांगतो.

मला हा मुद्दा मान्य आहे. त्याला पुरावा म्हणून याच लेखकाची दुसरी कथा घेता येईल. ‘स्पॉक्स ब्रेन’च्या श्रेयनामावलीत ली क्रोनिन असे नाव आहे, पण ते टोपणनाव. खरा लेखक जीन कून. मालिकेच्या पहिल्या वर्षाला जे वजन आले, त्यात कूनचा वाटा मोठा. मार्च १९६७ मधील त्याच्या ‘द डेव्हिल इन द डार्क’ या कथेत एका खाणीत कामगार मरू लागतात. मारणारा प्राणी असतो सिलिकॉनचा, म्हणजे जवळजवळ दगडाचाच, आणि तो खडकातून लोण्यातून सुरी जावी तसा फिरतो. शास्त्राच्या दृष्टीने हेही काही पटण्याजोगे नाही. पण कथा पुढे जाते तेव्हा कळते, की हा ‘राक्षस’ म्हणजे आई आहे, आणि कामगार ज्यांना निरुपयोगी गोळे समजून फोडीत होते ती तिची अंडी आहेत. एका क्षणात खुनी कोण आणि पीडित कोण याचा हिशेब उलटा होतो. शास्त्र दोन्हीकडे लंगडे आहे, तरी एक कथा उत्कृष्ट गणली जाते आणि दुसरी टिंगलीचा विषय होते.

फरक कोठे पडला? माझ्या मते, पहिल्या कथेने आपल्या कल्पनेचा पाठलाग केला, दुसरीने तो टाळला. ‘स्पॉकचा मेंदू’ या कथेत एक विलक्षण प्रश्न लेखकाच्या हाती आयता आला होता. स्पॉकचा मेंदू काढून घेतला तर ते सारे नगर थंड पडणार, न काढला तर मित्र मरणार. एका माणसाचा प्राण आणि हजारो वर्षे चाललेली एक वस्ती, यांत निवड कोणी करायची? शिवाय ज्याचा मेंदू आहे त्याला तेथे वाचाही आहे. त्याला कोणी विचारले काय, की बाबा रे, तुला काय हवे? भावनेपेक्षा तर्काला मानणारा, बहुतांच्या हितासाठी स्वतःचा बळी द्यायला तयार असणारा स्पॉक तेथेच राहतो म्हणाला असता तर कर्कने काय केले असते? यातले काहीच कथा विचारीत नाही. आता तुम्ही वर या, पुरुषांबरोबर राहायला शिका, अशा अर्थाचे दोन शब्द त्या बायकांना सुनावून कर्क मोकळा होतो. एक संस्कृती दोन वाक्यांत निकालात निघते आणि यान पुढच्या प्रवासाला लागते. त्यातच त्या बायका इतक्या बालबुद्धीच्या रंगविल्या आहेत, की त्यांचे काय होणार याची प्रेक्षकाला फिकीर वाटू नये. हा दोष मला कळा दाबून चालणाऱ्या शरीरापेक्षा गंभीर वाटतो. गंमत अशी, की टिंगल होते ती मात्र बहुधा त्या कळांचीच.

आता काही जण पडद्यामागची कारणे पुढे करतात. तिसऱ्या वर्षी वाहिनीने मालिकेला शुक्रवारी रात्री दहाची वेळ दिली. तरुण प्रेक्षक त्या वेळी घरात सापडणे कठीण. खर्चाला कात्री लागली. रॉडनबेरी रोजच्या कामातून बाजूला झाले आणि निर्मितीची सूत्रे फ्रेड फ्रायबर्गर यांच्याकडे गेली. ही सर्व कारणे खरी आहेत, आणि इतिहास लिहिणाऱ्याने ती नोंदविलीच पाहिजेत. पण आमटी खारट झाली तर चूल धुरकट होती हे सांगून तिची चव बदलत नाही. शिवाय ज्यांनी थंडीत मोर्चे काढून ही मालिका जगविली, त्या चाहत्यांची अडचण निराळीच होती. भाग वाईट आहे असे उघड म्हणावे तर मालिका बंद पाडू पाहणाऱ्यांच्या हाती कोलीत मिळणार. न म्हणावे तर ज्या गुणासाठी तिला वाचविली त्या गुणाशीच बेइमानी. शेवटी ३ जून १९६९ रोजी मालिका संपलीच, पण हा पेच तिच्यापुरता राहिला नाही.

ब्रिटनमधील ‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची मालिका १९६३ पासूनची. १९८६ साली ‘द ट्रायल ऑफ अ टाइम लॉर्ड’ ही तिची चौदा भागांची दीर्घकथा झाली. मध्यंतरी तिचा एक लेखक रॉबर्ट होम्स निवर्तला, संहिता संपादक एरिक सेवर्ड भांडून गेला आणि जाताना शेवटच्या भागाची संहिताही परत घेऊन गेला. मग पिप आणि जेन बेकर या दांपत्याने मूळ शेवट काय होता हे ठाऊक नसताना घाईघाईने अखेरचा भाग लिहिला. डिसेंबरात बीबीसीच्याच ‘ओपन एअर’ या कार्यक्रमात चाहत्यांना बोलावले. त्यात ख्रिस चिबनाल नावाचा सोळा वर्षांचा मुलगा होता. कथा साचेबंद आहे, नुसती बोळांतून धावपळ आणि हास्यास्पद राक्षस आहेत, अशा आशयाची टीका त्याने बेकर दांपत्याच्या समक्ष केली. हाच चिबनाल पुढे २०१८ ते २०२२ या काळात त्याच मालिकेचा प्रमुख लेखक झाला! १ मार्च २०२० रोजी त्याने लिहिलेला ‘द टाइमलेस चिल्ड्रन’ हा भाग लागला. नायकाच्या जन्माची कहाणीच त्यात बदलली होती, आणि त्यावरून चाहत्यांत जी फळी फुटली ती अद्याप सांधलेली नाही. याला कोणी दैवाचा न्याय म्हणेल. मला तो मुलगा १९८६ सालीही चुकला होता असे वाटत नाही. बेकर दांपत्याची अडचण खरी होती आणि त्याची तक्रारही खरी होती.

मराठीत या प्रकारचा वाद क्वचितच ऐकू येतो. आपल्याकडे विज्ञानकथेला मान मिळाला तो एका निराळ्या मार्गाने. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी डॉ. जयंत नारळीकर यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे नाव तयार केले होते. आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर भार पडू नये, हा हेतू. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. नाव झाकून कथा तोलली गेली, आणि तरीही ती उतरली. मालिकेच्या चाहत्याला ही सोय नसते. त्याला नाव अगोदरच ठाऊक असते, नुसते ठाऊक नव्हे, तर त्या नावावर त्याचा जीव असतो. म्हणून त्याची कसोटी अधिक अवघड.

परंतु पुढे आपण काय केले? विज्ञानकथेने विज्ञानाचा प्रसार होतो म्हणून तिला शाबासकी द्यायची, किंवा ती साहित्यच नव्हे म्हणून बाजूला सारायची, या दोन टोकांतच बरीचशी चर्चा फिरत राहिली, असे मला वाटते. एखाद्या विशिष्ट कथेवर दहा माणसे हमरीतुमरीवर आली, असे अभावानेच घडले. १९९८ मध्ये केतन मेहता यांची ‘कॅप्टन व्योम’ ही हिंदी मालिका दूरदर्शनवर आली, मिलिंद सोमण तिचा नायक. तिच्याविषयी जे बोलणे कानावर येते ते पोशाख, संगणकचित्रे आणि ‘इंग्रजीची नक्कल’ यांपुरतेच. अमुक भागातील कल्पना अर्ध्यावर का सोडली, हे विचारणारा कोणी भेटत नाही. वगावर बोलणारा आपला जत्रेतला रसिक याहून कितीतरी चोखंदळ आहे.

स्पर्धेसाठी किंवा पुढच्या अंकासाठी कोणा विद्यार्थिमित्राला विषय हवा असेल, तर एक तयार आहे. सिग्मा ड्रेकोनिसच्या त्या भूमिगत नगरातून स्पॉकचा मेंदू नेल्यानंतर पहिल्या रात्री तेथे काय झाले असेल? नगर हळूहळू गार पडत आहे, ज्ञानयंत्राचा उपयोग पुन्हा करावा की नाही यावर बायकांत दोन तट पडले आहेत, आणि वर बर्फात जायचे पाऊल पहिल्यांदा कोणी उचलायचे हे ठरत नाही. मालिकेने ही गोष्ट पुढच्या कोणत्याही भागात सांगितलेली नाही.