हित, माप आणि बोंब : साजगावच्या आख्यायिकेच्या आधारे विवेकी स्वहिताचा विचार

१.

‘स्वार्थ’ हा शब्द मराठीत बहुधा दूषण म्हणूनच वापरला जातो. त्याच्याच जवळचा ‘स्वहित’ हा शब्द मात्र निष्कलंक राहिला आहे, आणि ‘हित’ हा शब्द तर संतवाङ्मयात आदराने येतो. स्वार्थ आणि परमार्थ या दोन्ही शब्दांत ‘अर्थ’ म्हणजे प्रयोजन आहे; तरी व्यवहारात एकाला खालची आणि दुसऱ्याला वरची पायरी मिळाली. रामदासांनी ‘दासबोधा’त प्रपंच नीट सांभाळून मग परमार्थाकडे वळावे असा उपदेश केला असला, तरी प्रपंचातील ‘आपले’ म्हणून जे काही असते त्याचे नैतिक समर्थन कोणते, हा प्रश्न मराठी विचारविश्वात सहसा थेट विचारला गेला नाही.

पाश्चात्त्य विचारात हा प्रश्न विसाव्या शतकात आयन रँड (१९०५–१९८२) यांनी सर्वांत रोखठोकपणे मांडला. ‘द फाउंटनहेड’ (१९४३) व ‘अॅटलस श्रग्ड’ (१९५७) या कादंबऱ्यांतून आणि ‘द व्हर्च्यू ऑफ सेल्फिशनेस’ (१९६४) या लेखसंग्रहातून त्यांनी विवेकनिष्ठ स्वहित हाच नीतीचा पाया होय, असे प्रतिपादन केले. या दोन्ही कादंबऱ्या मुग्धा कर्णिक यांच्या अनुवादांमुळे मराठी वाचकाला उपलब्ध झाल्या आहेत. मनुष्याने दुसऱ्यासाठी स्वतःचा बळी देऊ नये आणि स्वतःसाठी दुसऱ्याचाही बळी घेऊ नये. माणसामाणसांतील संबंध देवघेवीचा, मूल्यास मूल्य देण्याचा असावा, हे या विचाराचे सार होय. म्हणूनच त्यात व्यापारी ही केवळ आर्थिक व्यक्ती राहत नाही, ती नैतिक आदर्श ठरते.

हे तत्त्वज्ञान दैनंदिन जीवनाला आणि राजकारणाला लावू गेल्यास ते कोठपर्यंत पुरते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी आधार घेतला आहे तो एका मराठी व्यापाऱ्याच्या कथेचा. हा व्यापारी म्हणजे देहूचे तुकोबा, आणि कथेचे स्थळ म्हणजे रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील साजगाव.

२.

साजगाव हे खोपोलीजवळचे, बोरघाटाच्या पायथ्याचे गाव. देश आणि कोकण यांच्यातील मालाची ने-आण या घाटाने पूर्वापार होत आली. येथील विठ्ठलमंदिराची यात्रा कार्तिकी एकादशीपासून भरते. या विठोबाला लोक ‘बोंबल्या विठोबा’ म्हणतात. यात्रेतील सुक्या मासळीचा बाजार प्रसिद्ध आहे. वारकऱ्याला एकादशी उपवासाची. त्याच्याच दैवताच्या यात्रेत बोंबील, सुकट आणि सोडे यांचे ढीग लागतात. किनाऱ्यावरचा विक्रेता आणि घाटमाथ्यावरचे वा आसपासच्या गावांतले गिऱ्हाईक येथे भेटतात, भाव करतात, आणि दोघेही काही मिळवून परततात. कोणी कोणावर उपकार करीत नाही. मूल्यास मूल्य हे तत्त्व समजावून सांगण्यास याहून सोपे उदाहरण शोधावे लागणार नाही.

‘बोंबल्या’ या नावाची उपपत्ती स्थानिक परंपरेत दोन प्रकारे सांगितली जाते. एकीचा संबंध बोंबलाच्या बाजाराशी आहे. दुसरी तुकोबांशी निगडित आहे : तुकोबा घाट उतरून येथे मिरच्या विकण्यास आले, गिऱ्हाइकांनी माल नेला पण पैसे दिले नाहीत, तेव्हा त्यांनी बोंब मारली आणि विठोबा धावून आला. यांतील कोणती उपपत्ती भाषिकदृष्ट्या ग्राह्य, हा येथे मुख्य प्रश्न नाही. लोकमनाने देवाच्या नावात बुडालेल्या उधारीची आठवण जपली, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे.

कोकणातील मिरच्यांच्या व्यापाराचा प्रसंग चरित्रपरंपरेतही आहे. महिपतींनी (१७१५–१७९०) ‘भक्तलीलामृता’त (१७७४) तुकोबांचे चरित्र विस्ताराने सांगितले. या परंपरेतील तुकोबा नामस्मरणात दंग असतात. माप गिऱ्हाइकाच्याच हाती असते. लोक हवा तितका माल उचलून नेतात. आणि मग पांडुरंग स्वतः वसुलीस निघतो. येथे तुकोबा मागत नाहीत, देव मागतो. साजगावच्या लोककथेत मात्र तुकोबा मागतात, तेही मोठ्याने. संतचरित्राच्या दृष्टीने भक्ताची निरपेक्षता मोलाची. ज्या गावात व्यवहार झाला त्या गावाच्या स्मृतीत मात्र भक्ताचा हक्क अधिक ठळक आहे. एकाच प्रसंगाच्या या दोन रूपांतील अंतर अभ्यासकाने नोंदवण्याजोगे आहे. ‘बोंब’ म्हणजे खाजगी दुःखाची हाक नव्हे. दहा जणांच्या कानी पडावी अशी ती जाहीर तक्रार असते. आपले जे देणे आहे ते मिळावे, हे म्हणण्यात लाज नाही, असा तिचा आशय आहे.

३.

तुकोबांच्या चरित्रातील आणखी एक प्रसंग याच दृष्टीने पाहता येतो. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचे घर कोसळले, व्यापार बुडाला, पहिली पत्नी गेली. पुढे विरक्ती आल्यावर त्यांनी सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडविण्याचे ठरविले, असे परंपरा सांगते. हा प्रसंग सामान्यतः सर्वस्वत्यागाचा नमुना म्हणून शिकविला जातो. तथापि त्यातील एक तपशील बहुधा दुर्लक्षित राहतो. तुकोबांनी सगळी खते बुडविली नाहीत. धाकटे बंधू कान्होबा यांचा निम्मा वाटा त्यांनी वेगळा काढून दिला आणि फक्त स्वतःचा वाटा पाण्यात सोडला.

विवेकी स्वहिताच्या दृष्टीने हा तपशील निर्णायक आहे. स्वतःचे हित कशात आहे हे ठरविण्याचा अधिकार तुकोबांनी स्वतःकडे घेतला. कान्होबांचे हित ठरविण्याचा अधिकार मात्र घेतला नाही. आपल्या औदार्याचा खर्च दुसऱ्याच्या नावे टाकला नाही. कुटुंबात, संस्थेत व शासनव्यवहारात जे औदार्य दिसते, त्यातील बरेचसे या कसोटीला उतरत नाही. एकत्र कुटुंबातील कर्त्याने धाकट्यांच्या वाट्यातून दानशूर होणे, किंवा लोकप्रतिनिधीने सार्वजनिक तिजोरीतून स्वतःची कीर्ती वाढविणे, यांत दाता वेगळा असतो आणि देणारा हात वेगळा.

येथे एक आक्षेप संभवतो. तुकोबांचा त्याग हेच त्यांचे ‘स्वहित’ म्हटले, तर प्रत्येक कृती स्वहिताची ठरेल आणि त्या शब्दाला काही अर्थच उरणार नाही. गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) यांच्याबाबतही हाच पेच पडतो. मिल व स्पेन्सर यांच्या विचारांचा संस्कार घेतलेल्या, १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढणाऱ्या या बुद्धिवाद्याने उच्च शिक्षण घेऊनही संपत्तीची वाट जाणूनबुजून सोडली आणि तसे आपल्या आईला पत्राने कळविले. हा परार्थ की स्वार्थ? रँड यांचे उत्तर असे की, कमी मोलाच्या गोष्टीसाठी अधिक मोलाची गोष्ट सोडणे म्हणजे बळी. अधिक मोलाच्या गोष्टीसाठी कमी मोलाची सोडणे हा बळी नव्हेच. या उत्तराने पेच पूर्ण सुटत नाही, कारण मोल ठरविणारा तोच असतो. तथापि एक भेद हाती लागतो : निवड ज्याची त्याने, विचारपूर्वक आणि स्वतःच्या वाट्यातून केली आहे काय? आगरकर आणि तुकोबा दोघेही या कसोटीला उतरतात.

४.

आता राजकारणाकडे वळता येईल. रँड यांच्या मते राज्यसंस्थेचे काम मर्यादित आहे : बळजबरीपासून संरक्षण आणि न्यायालयांमार्फत करारांचे पालन. साजगावच्या कथेच्या भाषेत सांगायचे तर, वसुलीसाठी विठोबाला घाट उतरावा लागू नये, एवढी व्यवस्था राज्याने करावी. चमत्काराची गरज जेथे लागते तेथे संस्थेचा अभाव असतो, हे या कथेतून निघणारे राजकीय तात्पर्य म्हणता येईल.

परंतु मूळ करारच विषम असेल तर काय? याचे उत्तर त्याच जिल्ह्यात, साजगावापासून समुद्राच्या दिशेने अलिबाग तालुक्यात सापडते. तेथील चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा निर्णय घेतला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालील हा संप १९३९पर्यंत चालला. पिकाचा मोठा वाटा खोताकडे जाई, शिवाय वेठ व निरनिराळ्या बाबी द्याव्या लागत. कुळांनी दया मागितली नाही. त्यांनी शेत पडीक ठेवले आणि मोलमजुरी करून, लाकूडफाटा विकून दिवस काढले. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले, आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९चा कूळकायदा, पुढे १९४९चा खोती निर्मूलन कायदा आणि १ एप्रिल १९५७चा कृषकदिन हे या प्रवासाचे टप्पे होत.

‘अॅटलस श्रग्ड’ याच १९५७ साली प्रसिद्ध झाली, आणि तिचा विषयही संपच आहे. समाज ज्यांच्या कर्तृत्वावर जगतो ते उद्योजक व संशोधक त्या कादंबरीत आपले काम थांबवितात. चरीत उत्पादक होते ते कुळ; त्यांनी तीच गोष्ट दोन तपे आधी, कागदावर नव्हे तर खाचरात केली होती. दोहोंतील प्रेरणा एक आहे : माझ्या श्रमाचे फळ माझ्या संमतीवाचून कोणी नेऊ नये. मात्र एक भेद मूलगामी आहे. कादंबरीतील उद्योजक एकेकटा निघून जाऊ शकतो. चरीचे कूळ एकटे निघून गेले असते तर खोताने दुसरे कूळ लावले असते. एकेकट्या कुळाचे तात्कालिक हित शेजाऱ्याने सोडलेली जमीन धरण्यात होते. दूरचे हित ती न धरण्यात होते. हे दूरचे हित ओळखणे हाच विवेक, आणि तो टिकविण्यास संघटना लागली.

रँड यांचा अनुयायी म्हणेल की खोती हा मुक्त करार नव्हताच, ती राज्याने दिलेल्या अधिकारांवर उभी राहिलेली व्यवस्था होती. हे म्हणणे बरोबर आहे. परंतु ती मोडली ती आधी संघटित नकाराने आणि नंतर कायद्याने. केवळ करार पाळून घेणारे न्यायालय तेथे खोताच्याच बाजूने उभे राहिले असते. तेव्हा खरे माप पुरेसे नाही. माप नाकारण्याची शक्तीही हवी.

शरद जोशी (१९३५–२०१५) यांच्या शेतकरी आंदोलनाने हा धागा पुढे नेला. त्यांनी सुरुवातीच्या काळात कांद्याच्या भावासाठी आंदोलन उभारले ते देहूपासून फार दूर नसलेल्या चाकणच्या परिसरात. शेतकऱ्याला अनुदानाचे औदार्य नको, उत्पादनखर्चावर आधारित रास्त भाव हवा, ही त्यांची भूमिका होती. मुक्त बाजाराचा पुरस्कार करणाऱ्या या विचारवंतालाही संघटना उभारावीच लागली, ही गोष्ट चरीच्या अनुभवाशी जुळणारी आहे.

५.

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, मराठी परंपरेला स्वहिताचे वावडे आहे असे सरसकट म्हणता येत नाही; संतचरित्राने जे सौम्य केले ते लोककथेने जपून ठेवले. दोन, विवेकी स्वहिताचे तत्त्व दैनंदिन जीवनात एका साध्या कसोटीवर उतरते : औदार्य असो वा व्यवहार, वाटा आपलाच आहे ना, आणि माप दोघांच्या समक्ष झाले आहे ना? तीन, राजकारणात हे तत्त्व ‘नाही’ म्हणता येण्याच्या शक्तीवर अवलंबून असते. ही शक्ती ज्याच्यापाशी एकट्याने आहे त्याला ते तत्त्वज्ञान पुरेसे वाटते. ज्याच्यापाशी नाही त्याला आधी शेजारी जोडावा लागतो.

पदव्युत्तर वर्गात तुकोबांचे चरित्र शिकविताना खतपत्रांचा प्रसंग आणि मिरच्यांचा प्रसंग एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. पहिल्यात तुकोबा आपले येणे सोडतात, दुसऱ्यात, साजगावच्या सांगण्यानुसार, ते मागतात. यात विसंगती वाटण्याचे कारण नाही. जे मागण्याचा हक्क आहे तेच सोडता येते. ज्याचे येणे आधीच बुडविले गेले, त्याच्या सोडण्याला त्याग म्हणत नाहीत. कार्तिकात सुक्या मासळीच्या ढिगांमधून वाट काढीत विठोबाच्या दर्शनाला जाणाऱ्या यात्रेकरूला हे निराळे सांगावे लागत नाही. ज्या देवाला तो हात जोडतो, त्याच्या नावातच ती मागणी आहे.