बी पेरण्याआधी थर्मामीटर

चि. भाचीस,


घरातल्या खोलीत प्रोट्रे मांडून मिरची-टोमॅटोची रोपं करायचं ठरवलंस, हे फार चांगलं झालं. पौषात नगर तालुक्यात पहाटेचा पारा 10-12 अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली जातो. अशा दिवसांत रोपवाटिकेचं यश बियाण्याच्या पाकिटापेक्षा मातीच्या उबेवर ठरतं. म्हणून या पत्रात खत-औषधाचा विषय नाही, फक्त त्या उबेचा आहे.

तुझ्या हिवरे बाजार गावात मोजमाप केल्याशिवाय पीक ठरत नाही. पर्जन्यछायेतलं गाव, वर्षाचा पाऊस सरासरी 400 मिलिमीटरच्या आसपास. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले, पुढे 1994 मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आलं. श्रमदान झालं, डोंगरउतारावर चर खोदले गेले, ऊस-केळीसारखी तहानलेली पिकं आणि शेतीसाठीच्या बोअरवेल गावानं बंद केल्या. पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाण्याचा ताळेबंद. किती पाऊस पडला, विहिरींना किती पाणी आहे, हे मोजून ग्रामसभेत मांडायचं आणि मगच रब्बी-उन्हाळीचं पीक ठरवायचं. ज्या गावात पाण्याचा हिशेब चुकत नाही, तिथल्या पोरीनं मातीच्या उबेचाही हिशेब ठेवावा, एवढंच मामाचं सांगणं आहे.

अंदाज इथे हमखास फसवतो. खोली उबदार वाटते, पण ट्रेमधलं कोकोपीट ओलं असतं. त्यातलं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, आणि बी हवेपेक्षा थंड जागी पडून राहतं. ट्रे फरशीवर ठेवला तर खालूनही गारवा लागतो.

या गारव्याची किंमत दिवसांत मोजता येते. कॅलिफोर्निया विद्यापीठातले हॅरिंग्टन यांनी भाजीपाल्याच्या उगवणीचा तक्ता तयार केला, तो आजही जगभर वापरला जातो. त्यानुसार टोमॅटोचं बी 25 अंशांना 6 दिवसांत वर येतं, 15 अंशांना 14 दिवस घेतं आणि 10 अंशांना तब्बल 43. मिरची त्याहून नाजूक: 25 ते 30 अंशांना साधारण 8 दिवस, 15 अंशांना 25. कांदा मात्र थंडी सोसतो. 15 अंशांना तो आठवड्यात उगवतो. 35 अंशांना उलट 13 दिवस लावतो. म्हणजे खोली एकच असली तरी कांद्याला जे मानवतं, ते मिरचीला मानवेलच असं नाही. आणि प्रश्न फक्त उशिराचा नाही. थंड, ओल्या मातीत अडकलेलं बी पिथियमसारख्या बुरशीच्या तावडीत सापडतं. ते कुजतं, किंवा उगवून आल्यावर रोप कोलमडतं.

उपाय गावाला नवे नाहीत. कारली-दोडक्याचं बी भिजवून ओल्या फडक्यात बांधायचं आणि उबेला ठेवून मोड आणायचे, ही जुनी रीत. एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे माळी वाफ्याखाली घोड्याची ताजी लीद भरून, वर काचा ठेवून ऐन थंडीत भाजी पिकवत. लीद कुजताना जी उष्णता निघे, तीच त्यांची शेगडी. व्यावसायिक रोपवाटिकेत पेरलेले ट्रे एकावर एक रचून प्लॅस्टिकच्या कागदानं झाकतात, त्यामागेही हेच कारण: ऊब आणि ओल दोन्ही आत राहतात.

तूही पेरलेले ट्रे तसेच रचून झाक. ट्रे फरशीवर नकोत. खाली फळी किंवा थर्माकोल घाल. पाणी रात्रभर उघड्या टाकीत गारठलेलं देऊ नकोस, सकाळी विहिरीचं ताजं दे. जमिनीच्या पोटातलं पाणी वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाचं असतं, म्हणून थंडीत ते हाताला कोमट लागतं. मिरचीचे ट्रे सहाव्या दिवसापासून रोज उघडून बघ. पहिले अंकुर दिसताच कागद काढून ट्रे सुटे कर आणि उजेडात ने. झाकून राहिले तर रोपं लांबुडकी, कमजोर होतात. ट्रे झाकलेला असताना त्यावर थेट ऊन मात्र पडू देऊ नकोस, कागदाखाली पारा झपाट्यानं चढतो आणि बी भाजतं.

एक साधा थर्मामीटर घे. त्याचं टोक बी जितकं खोल आहे तितकंच कोकोपीटमध्ये खुपस, हवेत धरू नकोस. पहाटे एकदा, दुपारी तीनला एकदा असे दोन आकडे वहीत लिही. शेजारी पेरणीची आणि पहिल्या अंकुराची तारीख. पहाटेचा आकडा 18 च्या खाली जात असेल तर मिरचीची दुसरी खेप थोडी पुढे ढकल आणि त्या जागी कांदा किंवा कोबी घे. संक्रांतीला येशील तेव्हा वही सोबत आण, उन्हाळी मिरचीची तारीख त्यावरूनच ठरवू.

कळावे,
तुझा मामा