पाठटाचणाविना सराव : न्यूझीलंडच्या बालशाळेतील छात्राध्यापिका

अध्यापक विद्यालयातील सराव पाठ म्हटला की आपल्याकडे एक ठराविक चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. रात्री जागून लिहिलेले पाठटाचण, रंगीत खडूंनी सजविलेला फळा, मागील बाकावर वही घेऊन बसलेले मार्गदर्शक अध्यापक आणि आज बाईंची परीक्षा आहे हे ओळखून शहाण्यासारखी बसलेली मुले. पस्तीस-चाळीस मिनिटांत पाठ संपतो, शेरा मिळतो आणि छात्राध्यापिका दुसऱ्या पाठाच्या तयारीला लागते. न्यूझीलंडमधील बालशाळेत सरावासाठी पाऊल टाकणाऱ्या छात्राध्यापिकेला यांतले काहीच भेटत नाही. तेथे तास नाही, बाक नाही आणि पहिल्या आठवड्यात तिने काही शिकवावे अशी अपेक्षाही नाही. तिने मुलांच्या उंचीवर खाली बसावे, त्यांची नावे बिनचूक उच्चारावयास शिकावे आणि पाहावे, एवढेच तिच्याकडून मागितले जाते. हे सोपे वाटते, पण सरावातील सर्वांत अवघड भाग हाच असल्याचा अनुभव अनेकींना येतो.

भारतातून पदवी घेऊन तेथे बालशिक्षणाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम करण्यासाठी जाणाऱ्यांत मराठी घरांतील मुलीही असतात. लहान भावंडे सांभाळलेली, क्वचित येथील बालवाडीत दोन-चार वर्षे काम केलेली अशी छात्राध्यापिका तेथे गेली म्हणजे तिच्या वाट्याला जे येते, त्याचा विचार येथील शिक्षकांना व बालविकासाच्या कामाशी संबंध असलेल्यांना उपयोगी पडण्यासारखा आहे.

व्यवस्था कशी उभी राहिली

न्यूझीलंडमधील पहिली मोफत बालशाळा १८८९ साली ड्युनेडिन येथे निघाली. फ्रोबेलच्या विचारांचा तिच्यावर ठसा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ साली, पालकांनी स्वतः चालवावयाची क्रीडाकेंद्रे सुरू झाली. आणि १९८२ साली माओरी समाजाने आपली भाषा लहानग्यांच्या ओठी राहावी म्हणून ‘कोहांगा रेओ’, म्हणजे भाषेची घरटी, उभारावयास प्रारंभ केला. १९८६ मध्ये पाळणाघरांचा कारभार समाजकल्याण खात्याकडून काढून शिक्षण खात्याकडे देण्यात आला. हा बदल कागदोपत्री वाटला तरी त्याचा परिणाम दूरवर गेला. मूल सांभाळणे व मूल शिकविणे ही दोन वेगळ्या दर्जाची कामे आहेत ही समजूत त्याने मोडीत काढली. १९८८ पासून दोन्ही प्रकारच्या केंद्रांसाठी एकच तीन वर्षांचे प्रशिक्षण सुरू झाले. आठ महिन्यांच्या बाळाचे लंगोट बदलणारी आणि चार वर्षांच्या मुलीला गोष्ट सांगणारी, दोघी शिक्षिकाच ठरल्या.

१९९६ साली ‘ते फारिकी’ हा राष्ट्रीय बालशिक्षणक्रम प्रसिद्ध झाला. मार्गारेट कार व हेलन मे यांनी तो कोहांगा रेओच्या वतीने आलेल्या टिली रीडी व तामाती रीडी यांच्या सहकार्याने तयार केला होता. २०१७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. फारिकी म्हणजे विणलेली चटई. सर्वांना उभे राहता येईल अशी ही चटई चार तत्त्वे आणि पाच धागे यांनी विणलेली आहे. स्वास्थ्य, आपलेपणा, सहभाग, संवाद आणि शोध हे ते पाच धागे. अमुक वयात अमुक अक्षरे यावीत अशी विषयवार जंत्री तीत नाही. साहजिकच छात्राध्यापिकेला ‘आज कोणता घटक घ्यावयाचा?’ या प्रश्नाचे तयार उत्तर तीत सापडत नाही.

दाराशी

सरावाला उभे राहण्यापूर्वीच एक चाळणी असते. २०१४ च्या बालकविषयक कायद्यान्वये मुलांबरोबर काम करणाऱ्यांची ओळख, पूर्वेतिहास व पोलीस तपासणी आवश्यक असून ती दर तीन वर्षांनी पुन्हा करावी लागते. शिक्षक परिषदेने २०१९ साली घातलेल्या अटींनुसार एक वर्षाच्या अभ्यासक्रमात किमान ८० दिवस व तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२० दिवस प्रत्यक्ष सरावाचे असावे लागतात. हे दिवस सामान्यतः काही आठवड्यांच्या गटांनी व वेगवेगळ्या केंद्रांत पुरे केले जातात. केंद्रातील एक अनुभवी शिक्षिका मार्गदर्शक म्हणून नेमलेली असते आणि प्रशिक्षण संस्थेतून अध्यापक येऊन भेट देतात.

पहिल्या दिवशीच काही धक्के बसतात. मुले ‘बाई’ म्हणत नाहीत. तिला नावाने हाक मारतात. सुतारकामाच्या मेजावर खरी हातोडी आणि खरी करवत असते व चार वर्षांची मुलगी मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली ती चालवीत असते. मुले अनवाणी झाडावर चढतात. दीड वर्षाचे मूल आपल्या हाताने जेवते. निम्मे अन्न अंगावर सांडते, पण कोणी पुढे होऊन भरवीत नाही. चिऊ-काऊच्या घासांवर वाढलेल्या मराठी मुलीचा हात अशा वेळी आपोआप पुढे होतो आणि तो आवरून धरावा लागतो. त्या आवरण्यात प्रेम कमी झालेले नसते, हे उमगावयास काही दिवस जातात.

माओरी रीतिरिवाजांचा भाग याहून नाजूक आहे. मस्तक हे त्या समाजात ‘तापू’, म्हणजे पवित्र व सहजी स्पर्श न करण्याजोगे, मानले जाते. ज्या मेजावर अन्न ठेवावयाचे त्यावर बसू नये, आणि अंग पुसण्याची फडकी व मेज पुसण्याची फडकी एकत्र धुऊ नयेत. सोवळ्या-ओवळ्याच्या गोष्टी आजीकडून ऐकलेल्या मुलीला यांतील दुसरा भाग चटकन उमजतो. पहिला मात्र जड जातो, कारण कौतुकाने मुलाच्या डोक्यावरून हात फिरविणे ही आपल्याकडे मायेची अगदी साधी खूण आहे. तेथे तोच हात अनादराचा ठरू शकतो. परिषदेने २०१७ साली ठरविलेल्या सहा व्यावसायिक मानकांपैकी पहिलेच मानक १८४० च्या वाइतांगी करारातून येणाऱ्या भागीदारीशी निगडित आहे. तेव्हा हा शिष्टाचाराचा वरवरचा भाग नव्हे. त्यावर तिचे मूल्यमापन होते.

पाहण्याची शिस्त

सरावाचा गाभा म्हणजे निरीक्षणाची नोंद. मार्गारेट कार यांनी विकसित केलेल्या ‘अध्ययन-कथा’ या पद्धतीने तेथील केंद्रांत मुलांच्या प्रगतीची नोंद ठेवण्यात येते. मुलाला काय येत नाही याची यादी तीत नसते. मूल कशात रमले, अडचण आली तेव्हा ते कसे वागले, कोणाची मदत घेतली, हे गोष्टीच्या रूपाने लिहावयाचे. त्यातून कोणते शिक्षण घडले ते सांगावयाचे आणि पुढे काय करता येईल ते सुचवावयाचे. लक्ष जाणे, अर्थ ओळखणे आणि प्रतिसाद देणे अशा तीन पायऱ्या सांगितल्या जातात. या कथा छायाचित्रांसह मुलाच्या स्वतःच्या पुस्तकात लावतात. मूल ते पुस्तक हाताशी असलेल्या फळीवरून केव्हाही काढून पाहते, घरच्यांना दाखविते.

एक प्रसंग नमुन्यादाखल घेता येईल. साडेतीन वर्षांचा एक मुलगा चाळणीत पाणी घेऊन नळापासून वाळूच्या हौदाकडे धावतो आहे. पोहोचेपर्यंत चाळणी रिकामी. पुन्हा तो नळाकडे जातो. तिसऱ्या खेपेस छात्राध्यापिका न राहवून त्याच्या हाती बादली देते. मुलगा बादली घेतो, भरतो, ओततो आणि निघून जातो. खेळ संपतो. सायंकाळी मार्गदर्शक शिक्षिका रागावत नाही. त्याने बादली मागितली होती का, एवढेच विचारते. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा चाळणीला खालून तळहात लावून पाणी अडवू पाहतो आणि या वेळी छात्राध्यापिका हात मागे बांधून उभी राहते. तिच्या वहीतील खरा पाठ येथून सुरू होतो. तळहात लावल्यावर धार कमी झाली हे त्याला जाणवले का? उद्या नळाजवळ कापडाचा तुकडा, स्पंज, भोके पाडलेला डबा ठेवला तर? पाठटाचण येथेही असते, पण ते मुलाच्या कृतीनंतर लिहिले जाते.

केवळ पाहत राहणे म्हणजे शिकविणे नव्हे, हा आक्षेप येथील एखादा अनुभवी शिक्षक घेईल आणि तो निराधार नाही. कथा गोड लिहिली, पण पुढची सूचना पोकळ राहिली, असे पुष्कळदा घडते. ‘आज फार मजा आली’ या धाटणीची कथा मुलाच्या घरी आवडीने वाचली जाते, परंतु तिच्यातून शिक्षिकेला पुढची दिशा मिळत नाही. म्हणूनच भेटीस आलेले अध्यापक कथेची भाषा फारशी पाहत नाहीत. या नोंदीनंतर तुम्ही अंगणात काय बदलले, हा त्यांचा प्रश्न असतो.

दोन वर्षांखालील मुले

सरावाचा काही काळ अगदी तान्ह्या मुलांच्या दालनात जातो, आणि खरी नैतिक अडचण तेथेच उभी राहते. २००८ च्या नियमांप्रमाणे दिवसभर चालणाऱ्या केंद्रात दोन वर्षांखालील पाच मुलांमागे एक मोठे माणूस असावे लागते. त्यावरील वयाच्या मुलांसाठी सात ते वीस मुलांमागे दोन माणसे पुरतात. झोपलेल्या मुलाजवळ दर पाच ते दहा मिनिटांनी जाऊन त्याचा श्वास व ऊब पाहावी लागते. मूल केव्हा झोपले, काय खाल्ले, लंगोट केव्हा बदलले, याची नोंद ठेवतात.

हंगेरीतील बालरोगतज्ज्ञ एमी पिकलर यांच्या विचारांचा प्रभाव असलेल्या केंद्रांत लंगोट बदलणे हे उरकण्याचे काम समजत नाहीत. शिक्षिका आधी सांगते, थांबते, बाळाने पाय उचलण्याची वाट पाहते, मगच हात लावते. प्रत्येक बाळाची एक ठराविक शिक्षिका असते. छात्राध्यापिकेने तिची जागा घ्यावयाची नसते. अकरा महिन्यांचे मूल दोन आठवड्यांत तिच्या मांडीवर येऊन विसावू लागले की तिला कृतार्थ वाटते. पण ती आणखी तीन आठवड्यांनी जाणार आहे. तिच्या शिक्षणासाठी त्या मुलाला एक ताटातूट सोसावी लागणार असेल, तर तिने किती जवळ यावे? मार्गदर्शक शिक्षिका याचे उत्तर नियमाने देत नाही. ती मुलाची ठराविक शिक्षिका जवळपास राहील अशी व्यवस्था करते आणि बाळ रडले तर कोणाकडे पाहते याकडे लक्ष द्यावयास छात्राध्यापिकेला सांगते.

येथे व्यवस्थेतील उणिवाही दिसतात. छात्राध्यापिकेला माणसांच्या हिशेबात धरू नये अशी प्रशिक्षण संस्थांची अपेक्षा असते. परंतु शिक्षिकांची टंचाई असताना, कोणी आजारी पडले की, तिच्याकडे रिकाम्या जागेवरील माणूस म्हणून पाहण्याचा मोह होतोच. केंद्रांतील सर्व शिक्षक पात्रताधारक असावेत असे उद्दिष्ट २००२ च्या योजनेत २०१२ सालासाठी ठेवण्यात आले होते. ते गाठले गेले नाही. सरावाच्या दिवसांत सामान्यतः वेतन नसते, त्यामुळे परदेशातून गेलेल्या मुलीला संध्याकाळी दुसरीकडे काम करून घरभाडे भरावे लागते आणि रात्री नोंदी लिहाव्या लागतात.

मूल्यमापन

सरावाच्या अखेरीस छात्राध्यापिका, मार्गदर्शक शिक्षिका आणि संस्थेचे अध्यापक अशी तिघांची बैठक होते. गुणपत्रक वाचून दाखवावे असे तिचे स्वरूप नसते. प्रत्येक मानकासाठी छात्राध्यापिकेनेच आपल्या वहीतून पुरावा काढून दाखवावयाचा असतो. वडीलधाऱ्यांपुढे स्वतःच्या कामाविषयी बोलू नये अशा संस्कारात वाढलेल्या मुलीला ही कसोटी जड जाते. गप्प राहणे तेथे विनय म्हणून घेतले जात नाही. सांगण्यासारखे काही नाही, असा त्याचा अर्थ होतो. उत्तीर्ण झाल्यानंतरही तिला प्रथम हंगामी प्रमाणपत्र मिळते व पूर्ण प्रमाणपत्रासाठी मार्गदर्शनाखाली साधारण दोन वर्षे काम करावे लागते.

आपल्याकडे पाच मुलांमागे एक शिक्षिका ही कल्पना आज परवडणारी नाही, आणि ती नाही म्हणून बाकीचे सारे निरुपयोगी ठरविण्याचेही कारण नाही. १९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डीच्या परिसरात बालवाडीचे काम सुरू केले तेव्हा साधने त्याहून तुटपुंजी होती. अंगणात बसून, मूल जेथे आहे तेथून त्यांनी प्रारंभ केला. १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेखाली अंगणवाड्या आल्या. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत स्तर म्हणून एकत्र जोडला. अंगणवाडी सेविकेच्या नोंदवहीत आणि २०२१ पासून तिच्या भ्रमणध्वनीवरील पोषण ट्रॅकरमध्ये मुलाचे वजन आहे, उंची आहे. त्याच मुलाने आज काय करून पाहिले याची एक ओळ महिन्यातून एकदा लिहावी, आणि बैठकीत पर्यवेक्षिकेने ती वाचून पुढे काय केले ते विचारावे, एवढ्याला स्वतंत्र अनुदान लागत नाही. वेळ मात्र लागतो, आणि इतर नोंदींचा भार कमी केल्याशिवाय तो मिळणार नाही, हे अधिकाऱ्यांनी ध्यानात घ्यावयास हवे.

जाण्याचा दिवस मुलांपासून लपवू नये, असा तेथील शिक्षिकांचा आग्रह असतो. आठवडाभर आधी भिंतीवर खुणा करून, आणखी किती वेळा झोपून उठले म्हणजे ही ताई जाणार, हे मोजले जाते. अखेरच्या दिवशी छात्राध्यापिका आपल्या कथा मुलांच्या पुस्तकांत लावते. चाळणीवाला मुलगा पुस्तक उघडून आपले छायाचित्र शोधतो, तळहातावर बोट ठेवून पाणी कुठून गळत होते ते तिलाच समजावून सांगतो आणि चाळणी घेऊन पुन्हा नळाकडे जातो.