पोटांतील जंतु आणि घरचा तांब्या

पोटाची जळजळ व आंबट ढेकर ह्यांस भोर व वेल्हे तालुक्यांत "पित्त" म्हणतात, आणि दोष चिंचेवर किंवा तिखटावर घालतात. तसें कधीं असेलहि. पण पुष्कळांच्या जठरांत हेलिकोबॅक्टर पायलोरी नांवाचा जंतु राहतो. जठराच्या तीव्र आम्लांत जंतु टिकत नाहीं, असें वैद्य फार दिवस मानीत. परंतु हा आपल्याभोंवतीं अमोनिया उत्पन्न करून आम्लाचा जोर मोडितो. ऑस्ट्रेलियांतील डॉ. बॅरी मार्शल ह्यांनीं इ. स. १९८४ मध्यें तो स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला, तेव्हां कोठें लोकांची खात्री पटूं लागली. २००५ सालीं त्यांस व डॉ. रॉबिन वॉरेन ह्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. बहुतेकांस ह्या जंतूचा त्रास होत नाहीं. कांहींस जठरांत व्रण होतो, थोड्यांस पुढें कर्करोग.

तो शिरतो बहुधा बाळपणीं, आणि बहुधा घरच्याच माणसांकडून. लाळ, ओकारी व विष्ठा ह्यांतून तो दुसऱ्याच्या तोंडीं जातो. आजी भाकरीचा घास चावून लेंकराच्या मुखीं घालिते, त्यांत प्रेमच आहे. पण त्या घासाबरोबर जंतुहि जाऊं शकतो. ओकलेलें लेंकरूं पुसून तेच हात पिठांत गेले, तरी तेंच. पानशेत व भाटघर हीं धरणें जवळ असूनहि वैशाखांत वरच्या वाड्यांवर पाणी दुरून आणावें लागतें, आणि पहिली काटकसर हात धुण्यांत होते, हें आम्ही जाणतों. तरी ती तेथें नको.

मंडळींतील वडील माणसें येथें विचारितात, "एका तांब्यानें पिण्यासाठीं आम्हीं जात सोडिली, आतां उपदेशकच वेगळा पेला सांगूं लागले काय?" परूश्यांच्या हात धुण्याविषयीं प्रभु काय बोलला, तेंहि दाखवितात. प्रश्न रास्त आहे. पण विटाळ माणसाच्या जन्मावरून मानीत. जंतु जात पाहत नाहीं, आणि परक्यापेक्षां आपल्याच आईकडून, भावंडांकडून अधिक येतो. म्हणून तांब्या सर्वांचा असावा, पेला मात्र ज्याचा त्याचा किंवा धुतलेला. आणि हा नियम घरधन्यास व पाहुण्यास एकच असावा.

काळी शौच, रक्ताची ओकारी किंवा वजन घटणें दिसल्यास सोड्यावर दिवस काढूं नयेत. सरकारी दवाखान्यांत जावें. विष्ठा किंवा श्वास तपासून जंतु कळतो. दोन जंतुनाशक औषधें व आम्ल कमी करणारें औषध बहुधा चौदा दिवस घ्यावें लागतें. चार दिवसांत बरें वाटलें म्हणून गोळ्या फडताळांत ठेवून देणारे आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. त्यांचा जंतु मरत नाहीं, उलट त्याच औषधास पुढें दाद देईनासा होतो.